बडाग्रीची दुसरी ओंजळ

॥ श्री ॥

अल बर्शा, दुबई
भाद्रपद वद्य एकादशी, शके १९४७
(बुधवार, १७ सप्टेंबर)

संतापलेल्या माणसाच्या जिभेवरही जो वसतो आणि तिला खोटे बोलू देत नाही, त्या दयाघनाचे प्रथम स्मरण करतो. त्याच्या कृपेने हे पत्र शेवटास जावो.

चि. रामेश्वर यास त्रिविक्रममामाचे मनःपूर्वक आशीर्वाद. चि. सौ. प्रज्ञा हिलाही सांगावे.

आम्ही येथे सुखरूप आहोत. सप्टेंबर अर्धा सरला तरी उन्हाचा ताव उतरलेला नाही. पहाटेच्या फेरीला निघालो तर चष्म्यावर वाफ धरते. शैलेंद्र कामाच्या व्यापात आहे. मुग्धाची प्रकृती बरी. इरा नववीत गेली. माझे मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते, त्यामुळे आमचे संभाषण दोन काठांवरून चालते. माझा गुडघा लागोसच्या प्रवासाने कुरकुरत होता, तो आता शांत आहे. तुमच्या घरच्या बारा दिवसांच्या मुक्कामात प्रज्ञाने माझे सोवळेओवळे, उपवास आणि लहरी ज्या मायेने सांभाळल्या, त्याचा विसर पडणार नाही. तुमच्या मंडळाचा गणपती, ती पाच दिवसांची आरास, आणि चाळीस कुटुंबांनी परमुलुखात टिकवलेले आरतीचे पाठांतर पाहून डोळे निवले. हे आधी लिहितो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यानंतर ते लिहिण्याची इच्छा उरणार नाही.

रामेश्वर, तू पाठविलेले माहितीपत्रक मला शनिवारी मिळाले. ‘गुरुजींच्या पावलांवर : लागोसमधील अवश्य पाहावीत अशी आठ स्थळे’. मुखपृष्ठावर माझे छायाचित्र. समुद्रात गुडघाभर पाण्यात मी उभा, ओंजळ वर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ऊन. खाली तुझ्या नव्या पर्यटन व्यवसायाचे नाव, आणि पाच दिवसांचा दर दिरहमांत आणि रुपयांत. शुक्रवारी ते छापखान्यात जाणार, सोमवारी घटस्थापनेला येथील अल मनखूलच्या आपल्या मंडळात तीनशे कुटुंबांच्या हाती पडणार, आणि तत्पूर्वी मी आरंभी घालण्यासाठी आशीर्वचन लिहून धाडावे, अशी तुझी विनंती.

माझे उत्तर असे आहे. ते छायाचित्र छापले जाणार नाही. ते नाव छापले जाणार नाही. तरीही छापलेस, तर त्या तीनशे कुटुंबांसमोर मी स्वतः उभा राहून सांगेन की हे पत्रक खोटे आहे. मामाचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

तू म्हणशील, खोटे काय आहे? स्थळे तर खरी आहेत. स्थळे खरी आहेत, बाबा. मी ती या पायांनी फिरलो आहे. लेक्कीच्या राखीव रानातला तो झुलता पूल घे. झाडांच्या शेंड्यांतून चारशे मीटर चालत जायचे, पायांखाली दोरांची जाळी, आणि खाली दलदलीत पहुडलेली मगर. त्यावरून चालताना चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी लहान मुलासारखा हसलो, आणि मागून येणाऱ्या त्या शाळकरी पोरींनी ‘बाबा, बाबा’ म्हणत मला टाळ्या वाजवून पार नेले. ते स्थळ पाहावे. त्याविषयी मी एक अक्षर वावगे बोलणार नाही. पण तू काय लिहिलेस? ‘माकडे हमखास दिसतात, खाद्यपदार्थ पिशवीत ठेवावेत.’ एवढेच?

नाइके बाईंचे ते पाच मजली कलादालन घे. निळीत बुडवलेल्या वस्त्रांपुढे मी दीड तास उभा होतो. एका वस्त्रावर रेघांची नक्षी होती. तेथील मुलीने सांगितले की कसावा नावाच्या कंदाच्या कांजीने आधी रेघा ओढायच्या, मग वस्त्र निळीत बुडवायचे, आणि कांजी जेथे लागली तेथे रंग चढत नाही. तिचे बोट त्या रेघेवरून फिरत होते आणि निळी तिच्या नखांतून गेलेली नव्हती. तू लिहिलेस, ‘मुंबईच्या मानाने स्वस्त, घासाघीस चालते.’

लागोस बेटावरील त्या उद्यानाचे तर काय सांगावे. इंग्रजांचा तुरुंग होता तो. जेथे कोठड्या होत्या तेथे आज खाण्याच्या टपऱ्या आहेत, मध्ये संगीताचा मंच आहे, आणि फाशीच्या जागेपाशी लोक मुकाट्याने जरा हळू चालतात. हे हळू चालणे मी पाहिले. आपला ड्रायव्हरही, जो त्या तुंबलेल्या रस्त्यावर तासभर शिव्या हासडत होता, तेथे आल्यावर टोपी काढून गप्प झाला. तुझ्या पत्रकात त्या स्थळाखाली लिहिले आहे : ‘शाकाहारींसाठी तळलेली केळी मिळतात.’

तुला मी चौथ्या वर्षापासून वाढवला. माझ्या बहिणीने तुला माझ्या ओसरीवर सोडला तेव्हा तुला पाटी धरता येत नव्हती. तीर्थांची नावे तू माझ्या मांडीवर पाठ केलीस. तेव्हा मी तुला काय शिकवले होते? कोणतेही स्थान सांगताना तीन गोष्टी सांगायच्या : येथे काय घडले, येथे आल्यावर काय करायचे, आणि येथे कोणाची आठवण धरायची. जुन्या लोकांनी प्रत्येक घाटाचे, प्रत्येक डोहाचे वर्णन असेच केले. कोठे जेवायचे हे त्यांनी लिहिले नाही, कारण भूक लागली की माणूस ते आपले आपण शोधतो. आठवण मात्र शिकवावी लागते. तुझ्या आठही स्थळांत एकही माणूस नाही, रामेश्वर. तिकीट आहे, वेळ आहे, वाहनतळ आहे. लागोसमध्ये सव्वा-दीड कोटी माणसे राहतात असे तूच मला सांगितलेस, आणि तुझ्या पत्रकातले लागोस ओसाड आहे.

आणि मग तुझे आठवे स्थळ.

बडाग्रीला आपण पहाटे निघालो, मंगळवारी, गणपतीचे विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. खड्ड्यांच्या रस्त्याने साडेतीन तास. मग नाव, मग माडांच्या रांगेतून वाळूची ती वाट. सेनामी नावाची बाई आपल्याला वाट दाखवायला होती. चाळिशीची, अनवाणी, तेथेच जन्मलेली. तिने सांगितले की गुलाम म्हणून विकण्यासाठी पकडून आणलेल्या माणसांना साखळदंडाने एकमेकांना बांधून याच वाटेने नेत, आणि वाटेतील या विहिरीचे पाणी पाजत. ते पाणी प्यायले की घर, गाव, आईचे नाव, सारे विसरते, अशी समजूत होती. विसरलेला माणूस पळत नाही. ती सांगत असताना तू विहिरीत डोकावून मोबाईल खाली धरला होतास. तुझे वाक्य मी येथे उतरवतो, म्हणजे तुला ते पुन्हा वाचावे लागेल : ‘विस्मरणाची विहीर : कामाचा ताण विसरण्यासाठी खास अनुभव!’

हे वाक्य मी मुग्धाला वाचून दाखवले. तिने ते माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचले. इरेने मात्र मान वर केली आणि म्हणाली, “आजोबा, रिलॅक्स. इट्स जस्ट कंटेंट.” चौदा वर्षांच्या मुलीला मी क्षमा करतो. तू पंचेचाळीस वर्षांचा आहेस.

वाट संपते तेथे समुद्र. वाळूत ते दोन उंच खांब, वर एकमेकांकडे झुकलेले. त्यापलीकडे गेलेला कोणी परत आला नाही. मी पाण्यात का उतरलो हे मला सांगता येणार नाही. स्नान झालेले नव्हते, दर्भ नव्हते, तीळ नव्हते. तर्पणात देवांना, ऋषींना, आपल्या पितरांना पाणी देऊन झाले की शेवटी एक ओंजळ असते, ती ज्यांच्या मागे पाणी द्यायला कोणीही उरलेले नाही त्यांच्यासाठी; कुळ ठाऊक नाही, नाव ठाऊक नाही, अशा सर्वांसाठी. मी तेवढी एकच दिली. सेनामी काठावर थांबली होती. तिने विचारले हे कोणासाठी, मी सांगितले. तिने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

तेवढ्यात तू हाक मारलीस : “मामा, परत एकदा सोडा ना. ऊन मागून येत होतं, चेहरा काळा आलाय. जरा इकडे तोंड करा.”

आणि मी इकडे तोंड केले, रामेश्वर. ओंजळ पुन्हा भरली आणि सोडली. तू “अजून जरा वर” म्हणालास, मी ती वर धरली. तुझ्या मुखपृष्ठावर जी ओंजळ आहे ती ही. ती कोणासाठीही नव्हती. ती तुझ्या मोबाईलसाठी होती. असल्या पाण्याला शास्त्रात काय म्हणतात हे मी तुला शिकवायला हवे होते, पण मुळात हे कोणी करील अशी कल्पना मला नव्हती, आणि ते मी करीन अशी तर मुळीच नव्हती.

येथे थांबतो. आज एकादशी, पोटात काही नाही; उरलेले उद्या लिहीन.

द्वादशी, गुरुवार

पारणे करून पुन्हा बसलो आहे. काल लिहिलेले पत्र रात्री टेबलावर राहिले होते, ते मुग्धाने वाचले. तिने परवानगी मागितली नव्हती, आणि सुनेने सासऱ्याची पत्रे वाचू नयेत असे मी तिला सांगणार होतो. तिने चहाचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “बाबा, पाच पानं भाऊजींना झोडपलंत. यात रोशन कुठल्या पानावर आहे?”

मी म्हटले, त्या गोष्टीचा रामेश्वराशी संबंध नाही.

“मग तुम्ही त्यांच्यावर एवढे का चिडलाय?” असे विचारून ती ऑफिसला निघून गेली.

आता तेही लिहितो. तुझा अपराध याने कमी होत नाही, हे आधी ध्यानात घे. तुझ्या त्या वाक्याचा राग जेथे होता तेथेच आहे. पण त्याच्या शेजारी दुसरा एक बसलेला आहे, त्याला जागा द्यावी लागेल.

दर रविवारी अल मनखूलला माझे प्रवचन असते, ते तुला ठाऊक आहे. पुढच्या रांगांत नोकरदार कुटुंबे असतात, मागे उभी राहणारी काही कामगार मंडळी. त्यांत दगडू नावाचा एक माणूस तीन वर्षे येत होता. कोकणातला, शटरिंगचा सुतार. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, ज्याला सारे डीआयपी म्हणतात, कारखाने आणि कामगारांच्या इमारती आहेत, तेथे एका खोलीत तो सहा जणांसोबत राहत असे. आठवड्याची एकच सुट्टी, ती मेट्रोने इकडे येण्यात घालवी. बसायचा नेहमी दाराशी, चपलांजवळ. लहानपणी त्याला कोणीतरी देवळात सोडून गेले होते, तेथेच तो वाढला. पासपोर्टावर वडिलांच्या जागी त्या देवळाच्या पुजाऱ्याचे नाव. लग्न नाही, भाऊबंद नाहीत. तीन वर्षांत त्याने मला एकच प्रश्न विचारला. गेल्या वर्षीच्या पितृपक्षात, प्रवचन संपल्यावर, सर्वांदेखत उभा राहून.

“गुरुजी, ज्याच्या मागं कोण नाय, त्याचा काय होता?”

पुढच्या रांगेत कोणीतरी हसले. मी हसलो नाही. मी त्या शेवटच्या ओंजळीविषयी सांगितले. चांगले सांगितले. आवाज जरा खाली घेऊन, थांबत थांबत. मग त्याच्याकडे पाहून म्हटले, ती ओंजळ तुझीच आहे, दगडू. बायकांनी डोळे पुसले. आपले वाक्य छान उतरले याचा आनंद मला दोन दिवस पुरला.

गणेशचतुर्थीच्या पाच दिवस आधी संध्याकाळी दाराची घंटा वाजली. रोशन नावाचा तरुण, दगडूच्या खोलीतला. आत या म्हटले तर आला नाही. बूट सिमेंटने माखलेले होते. दगडू झोपेतच गेला होता, हृदय थांबले. खोलीतल्या मुलांनी कागदपत्रे धावपळ करून केली, जबल अलीच्या स्मशानात दहन उरकले. रोशन म्हणाला, “आमच्यात हे विधी नाहीत, गुरुजी, आम्ही बुद्धाला मानतो. नाहीतर मीच बसलो असतो. पण दगडूचं तुमच्यावर मन होतं. त्याचं दहाव्या-बाराव्याचं काय ते तुम्ही करा.”

मी विचारले, वडिलांचे नाव काय. तो म्हणाला, ठाऊक नाही. गोत्र? ते त्यालाही ठाऊक नव्हते. मग मी त्याला म्हणालो, आणि हे शब्द जसेच्या तसे आहेत, “क्रियेला अधिकारी पुरुष लागतो. तो ठरल्याशिवाय शास्त्र पुढे सरकत नाही.”

तो म्हणाला, “बरं.” मला नमस्कार केला आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने गेला. मुग्धा मागे उभी होती.

रामेश्वर, गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे, हे मी चाळीस वर्षे लोकांना सांगत आलो आहे. ज्याला कोणी नाही त्याची क्रिया कोणीही सज्जन अंगावर घेऊ शकतो, हेही मी जाणतो. शास्त्र मुळीच अडलेले नव्हते. अडलो होतो मी. क्रिया अंगावर घेतली असती तर दहा दिवसांचे सुतक लागले असते. सुतकात मूर्तीला हात लावता येत नाही. दोन दिवसांनी माझे लागोसचे विमान होते. तुमच्या मंडळाने तिकीट पाठवले होते, विमानतळावर हार घेऊन येणार होते, प्राणप्रतिष्ठा माझ्या हातून व्हायची होती. एका शटरिंगवाल्याच्या सुतकासाठी ते सोडायचे, हा विचारही मी पुरता केला नाही. तो पुरा होण्याआधीच त्याच्यापुढे शास्त्राचे दार लावून घेतले.

दारातले ते “बरं” घेऊन मी तुझ्या गणपतीपुढे बसलो. प्राणप्रतिष्ठा केली. मंत्र एकही चुकला नाही.

आता बडाग्रीचे काल जे वगळले ते सांगतो. मी ओंजळ दिल्यावर सेनामीने मला आणखी एक प्रश्न विचारला होता. तू तेव्हा चौकटीत खांब कसे बसतील ते पाहत होतास. तिने विचारले, “आणि तुमच्याकडे, आज, असं कोणी आहे का, ज्याला पाणी द्यायला कोणी नाही?”

मी म्हणालो, नाही. आमच्याकडे प्रत्येकाला कोणी ना कोणी असते.

त्या दोन खांबांच्या पायथ्याशी उभा राहून मी हे म्हणालो. तिने मान हलवली आणि म्हणाली, “मग तुम्ही भाग्यवान लोक.” त्यानंतरच तू हाक मारलीस, आणि त्यानंतरच मी दुसरी ओंजळ भरली. आता कळेल तुला की ती इतक्या सहज का भरली गेली. खोटे बोलून झालेल्या माणसाला आणखी एकदा तोंड वळवायला कितीसे कष्ट पडतात?

परतल्यावर गेल्या रविवारी प्रवचनाला गेलो. विषय पितृपक्षाचा. पत्रक तू शनिवारीच मंडळाच्या गटात टाकले होतेस. सर्वांच्या मोबाईलवर माझी ओंजळ. मंडळाच्या अध्यक्षा सुनेत्राबाईंनी आरंभीच सांगितले की आपल्या गुरुजींनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अनाथ आत्म्यांना पाणी दिले, आणि टाळ्या झाल्या. त्या मी थांबवल्या नाहीत. संपल्यावर चपला घालायला वाकलो तर दाराशी रोशन. दगडू बसायचा तेथेच.

“आफ्रिकेतल्या लोकांना पाणी देऊन आलात म्हणे, गुरुजी,” तो म्हणाला. “बरं केलंत. आमचं डीआयपी मेट्रोनं पाऊण तासावर. तेवढं लांब तुम्हाला झेपलं नसतं.”

मी म्हणालो, रोशन, ऐक.

“नाही, राग नाही माझा,” तो म्हणाला. “फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. गेलं वर्षभर तो आम्हाला सांगायचा, माझी सोय झालीय. गुरुजींनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय. खोलीत कुणी आजारी पडलं, मरणाबिरणाचं बोललं, की म्हणायचा, तुमचं तुम्ही बघा, माझी सोय झालीय.”

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो आरडाओरडा करता तर मी त्याला उत्तर दिले असते. वादात मी हरत नाही.

तेव्हापासून मला जो राग आहे तो मी तुझ्यावर काढला. तू त्याचा मोठा हिस्सा कमावलेला आहेस, म्हणून परत घेत नाही. माणसांच्या यातनेच्या वाटेवर तू मौजेची पाटी लावलीस. पण पाटी लावणाऱ्याला जो खांब लागतो तो मी दिला. शास्त्र जाणणारा म्हातारा, मिटलेले डोळे, वर धरलेली ओंजळ. माझ्याशिवाय ते पत्रक नुसते किरकोळ ठरले असते. माझ्यामुळे ते पाप झाले.

आता काय करणार ते ऐक.

येत्या रविवारी सर्वपित्री अमावास्या आहे आणि कामगारांची सुट्टी आहे. मी मंगळवारी मेट्रोने दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात गेलो. शैलेंद्र गाडीने सोडतो म्हणाला, मी नको म्हटले. रोशनच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो आणि सांगितले की दगडूची क्रिया मी माझ्या अंगावर घेतो, कर्ता म्हणून, काश्यप गोत्राने, जमत असेल तर तुमच्या खोलीत. उघड्यावर, समुद्रावर येथे असे काही करता येत नाही, आणि पाहुण्याने यजमानाच्या देशाची रीत मोडू नये. रोशनने खाटेवरचे कपडे बाजूला करून जागा मोजून दाखवली आणि विचारले, परात केवढी लागेल. क्षमा केली असे तो म्हणाला नाही. मीही मागितली नाही. ती मागायची ज्याच्याकडे, तो त्या खोलीत नव्हता.

रविवारपासून दहा दिवस मी सुतकात असेन. सोमवारी घटस्थापना. नवरात्रात मंडळाच्या देवीला माझा हात लागणार नाही. सुनेत्राबाईंना तसे कळवले, तर त्यांनी फोन केला : “गुरुजी, त्या माणसासाठी नवरात्र सोडता? अमावास्येला चार थेंब जास्त सोडा की त्याच्या नावानं. कोण बघतंय?” मला त्या बाईंचा इतका संताप आला की फोन ठेवावा लागला. ठेवल्यावर उमगले की महिन्यापूर्वी मी स्वतःशी अगदी हेच बोललो होतो, फक्त जड शब्दांत. शास्त्रात सवलती आहेत, विलंबाने केलेल्या क्रियेच्या सुतकातून तीन दिवसांतही सुटता येते. शैलेंद्रने कोठून तरी ते शोधून मला दाखवले. “तीन दिवस, मग खलास. बाबा, बुक्समध्येच आहे.” आहे, मला ठाऊक आहे. मी दहाच पाळीन. सवलती मी एकदा वापरून पाहिल्या आहेत.

तुझ्याकडून मला पुढील गोष्टी हव्यात, आणि त्या विनंत्या नाहीत. छायाचित्र काढून टाक, केवळ मुखपृष्ठावरून नव्हे, तुझ्या मोबाईलमधूनही. माझ्या मोबाईलमधले मी इरेकडून शिकून स्वतः पुसले. माझी पावले तुझ्या शीर्षकातून काढ. त्यांवरून कोणी चालावे अशी ती नाहीत. विहिरीखालचे ते वाक्य खोडून तेथे सेनामीने जे सांगितले ते लिही, तिचे नाव घालून, तिची अनुमती घेऊन. कलादालनातल्या मुलीचे नाव मी विचारले नव्हते, ते विचारून कळव. तळलेली केळी राहू दे. भुकेल्याला त्यांची माहिती हवी. पण आधी कोठड्या सांग. आणि बडाग्रीला पुढच्या खेपेस जाशील तेव्हा सेनामीला माझा निरोप दे : त्या म्हाताऱ्याने तुला खोटे सांगितले होते. आमच्याकडेही असे होते. एक तर माझ्या दाराशी येत होता.

हे पत्र तू प्रज्ञाला वाचून दाखव. तुला एकट्याला ते पचणार नाही.

एवढे होऊनही लागोस पाहायला लोकांनी यावे असेच मला वाटते. ते शहर मोठ्या मनाचे आहे. त्या पुलावर मला टाळ्या वाजवून नेणाऱ्या पोरींना माझी जात, गोत्र, विद्वत्ता काही ठाऊक नव्हते. एक म्हातारा घाबरला आहे एवढे त्यांना दिसले आणि तेवढे पुरले. म्हणून आशीर्वचन देतो. निराळ्या कागदावर लिहिले आहे. इरा या पत्राची आणि त्या कागदाची छायाचित्रे काढून तुला पाठवील. त्याखाली माझे नाव घालू नकोस.

तुझा, 
रविवारपासून दगडू काश्यपाच्या सुतकात असणारा मामा,
त्रिविक्रम

(निराळा कागद)

लागोस पाहण्यास निघालेल्या आणि न निघालेल्या, ही यादी वाचणाऱ्या सर्वांना आशीर्वाद असो. तुमचा मार्ग निर्विघ्न होवो. परक्या शहरात तुम्हाला हात देणारे कोणी भेटो, आणि तुम्ही त्याचे नाव विचारून लक्षात ठेवावे, अशी बुद्धी होवो. जेथे माणसांनी दुःख भोगले त्या भूमीवर तुमची पावले आपोआप हळू पडोत. आणि हे सारे पाहून तुम्ही घरी याल, तेव्हा तुमच्या दाराशी जो उभा असेल, त्याला आत येऊ देण्याइतके थोर मन तुम्हा सर्वांना लाभो.